वासुभाऊंची विचारायची रीत

घरातलं इंटरनेट बंद पडलं की मी आजही आधी एक ग्लास पाणी पिते. यात शास्त्र काही नाही, ही वासुभाऊंनी लावलेली सवय आहे. त्यांना पहिल्यांदा फोन केला तेव्हा मी चांगलीच तणतणत होते. शाळेची कसलीशी माहिती ऑनलाइन भरायची होती, मुदत त्याच दिवशी संपत होती आणि कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात ती मेली फुली येऊन बसली होती. कंपनीच्या नंबरावर बाई नुसती गाणी ऐकवत होती. शेवटी शेजारणीने वासुभाऊंचा नंबर दिला. मी एका दमात सगळी कैफियत मांडली. पलीकडचा माणूस ती संपेपर्यंत गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मॅडम, आधी पानी प्या. मी थांबतो."

तो आवाजच असा होता की मी मुकाट्याने उठले आणि पाणी प्यायले. शिक्षिकेच्या नोकरीत मला हुकूम ऐकायची सवय नव्हती, सोडायची होती.

"प्यालं? आता नेटच्या पेटीवरचे दिवे पाहा. कोनता लाल आहे?"

"एकही नाही. सगळे हिरवे आहेत. आणि हे बघा, मी कशालाही हात लावलेला नाही."

"तुमी कायले लावसान? पन दिवाळी जवळ आली, घरात झाडझूड चालू असंन. जाळे काढता काढता एखांदी वायर हलून जाते, आपल्याले समजत बी नाई. तसं काही झालं असंन का?"

सकाळीच मी टेबल पुढे ओढून मागची कोळिष्टकं काढली होती. ते मी सांगून टाकलं, आणि सांगताना मला काही कमीपणाही वाटला नाही.

"मंग झालं तं. कॉम्प्युटरच्या मागची निळी वायर बाहेर काढा आन् पुन्हा खोसा. टक् असा आवाज आला पाह्यजे. टक् नाई आलं म्हनजे ते बसली नाई, नुसती टेकली आहे."

टक् आवाज आला आणि फुली गेली. बसणं आणि टेकणं यातला फरक मला त्या दिवशी कळला.

आमच्या मोताळ्यात वासुभाऊंना ओळखत नाही असं घर सापडायचं नाही. आधी ते घरोघर केबल टीव्हीच्या तारा ओढायचे. मग लोकांनी टीव्ही पाहणं सोडून मोबाइल पाहणं धरलं, तशा वासुभाऊंनीही तारा बदलल्या. बसस्टँडच्या मागे त्यांचं बोळीसारखं दुकान होतं. आत वायरींची भेंडोळी, जुन्या पेट्या, आणि या सगळ्यात एक लखलखीत आरसा. माणूस मोठा नटवा. खांबावर चढायचं असलं तरी शर्ट कडक इस्त्रीचा, खिशात कंगवा, आणि खाली उतरल्यावर पहिलं काम म्हणजे भांग नीट करणं. पण खरा तोरा होता तो आवाजाचा. आठवडी बाजारात कुणाचं पोर हरवलं की माइकवर वासुभाऊ. लग्नात मंगलाष्टकांच्या आधी "वऱ्हाडी मंडळींनी शांतता राखावी" म्हणायला वासुभाऊ. माइक हातात आला की ते वऱ्हाडी सोडून छापील मराठीत शिरायचे आणि तो खाली ठेवला की "चाला, जेवाले बसा" म्हणून परत घरी यायचे. बायको एकदा म्हणाली होती, "ह्यायचं लगीन माह्यासंगं झालं, पन संसार मायिकसंगं आहे." हे वासुभाऊच सगळ्यांना मोठ्या कौतुकाने सांगत.

बायको म्हणजे मंदाताई. त्या आमच्याच शाळेत खिचडी शिजवायच्या. बुटक्या, चटपटीत, बोलायला तिखट आणि हाताने त्याहून तिखट. त्यांच्या खिचडीने पोरांच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचं, पण पातेलं चाटूनपुसून साफ व्हायचं. मूलबाळ नव्हतं. त्याची खंत दोघांनी कधी माझ्यापुढे काढली नाही. संध्याकाळी दुकान बंद करून वासुभाऊ शाळेच्या फाटकाशी यायचे आणि मंदाताईंना गाडीवर मागे बसवून न्यायचे. वाटेत तीनदा फोन वाजायचा. गाडी बाजूला लावून ते बोलत राहायचे आणि मंदाताई मागे पिशवी धरून बसून राहायच्या.

त्यांचं बिघाड शोधणं एका ठरलेल्या वाटेने चालायचं. "भितीपासून सुरू करा," म्हणायचे. आधी भिंतीतला प्लग, मग पेटी, मग वायर, सगळ्यात शेवटी कॉम्प्युटर. मधलं काही सोडायचं नाही आणि उडी मारायची नाही. मोबाइलवर चालतंय का, हा त्यांचा लाडका प्रश्न. चालत असलं तर म्हणायचे, "मंग पेटी नेक आहे. भांडन कॉम्प्युटरचं आहे. उगंच सासूले बोल लावू नका." एका घरी पेटीवर धूळ बसू नये म्हणून सुनेने विणलेला रुमाल पांघरला होता. "पेटीले सुटर घातलं तं तिले घाम येईन ना माय!" असं म्हणून त्यांनी तो अलगद घडी करून तिच्या हातात दिला आणि वर विणकामाचं कौतुक केलं. एकदा तर भलतंच झालं. अर्धी दुपार त्यांनी एका दुकानात वायरी तपासण्यात घालवली, आणि शेवटी निघालं की दुकानदाराने महिन्याचे पैसेच भरले नव्हते. त्यानंतर तोही प्रश्न यादीत आला, पण कसा? "कंपनीवाले कधी कधी पैसे भरूनही चढवत नाईत. एकडाव पाहून घेता का?"

मी एकदा त्यांना विचारलं, की इतकं आडून का विचारता? सरळ विचारावं, हात लावला का, पैसे भरले का.

"सरळ इचारलं का मानूस नाईच म्हनते मॅडम," ते म्हणाले. "लोक खोटं नाई बोलत. लोक लाजतात. त्यायले बाहेर निघाले एक दरवाजा ठेवा लागते. दरवाजा दिसला का मानूस आपल्या पायानं बाहेर येते."

हे ते माझ्यासारख्या फळ्यापुढे उभ्या असणाऱ्या बाईला सांगत होते. "गृहपाठ का केला नाही" असं विचारून मी आयुष्यभरात आजीच्या आजारपणाशिवाय दुसरं उत्तर ऐकलं नव्हतं.

रोहिणखेडची गोष्ट मला त्यांच्याबरोबर असल्यामुळे प्रत्यक्ष पाहायला मिळाली. तिथे आमच्या हेडसरांच्या बहिणीचं घर आहे. काही कामाने मी आणि हेडसर निघालो होतो, त्यांच्या गाडीत वासुभाऊही होते, कारण त्या घरचं नेट रोज संध्याकाळी जायचं. दिवसभर उत्तम चालायचं, दिवेलागणीनंतर गप्प व्हायचं आणि तासाभराने आपोआप यायचं. पोरं वैतागली होती. कंपनीचा माणूस दोनदा येऊन पेटी बदलून गेला होता.

वासुभाऊंनी पेटीला हात लावला नाही. अंगणात खाटेवर बसले, चहा प्यायले, घरातल्या म्हाताऱ्या आबाजींशी कापसाबद्दल बोलत राहिले. आबाजी फार कमी बोलायचे. अंधार पडायला लागला तशी आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. आबाजी काठी टेकत उठले, आत गेले आणि परत येऊन बसले. पाचच मिनिटांत आतून पोरांचा ओरडा झाला, "गेलं, गेलं, आजही गेलं!" मग एकेक करून पोरं, मुलगा, सून सगळे हात धुऊन पाटावर येऊन बसले. आबाजी मधोमध बसले आणि त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं, ते थेट सगळ्यांचं जेवण होईपर्यंत मिटलं नाही. बैलाच्या, विहिरीच्या, मेलेल्या भावाच्या गोष्टी. पोरं हसत होती.

जेवणं उरकल्यावर हेडसरांच्या मेहुण्यांनी विचारलं, "सापडला का फॉल्ट?"

"सापडला," वासुभाऊ म्हणाले. त्यांनी आबाजींकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमच्या इकडं संध्याकाळी लाइटीचं परेशर कमीजास्त होते. पेटी गरम होऊन जाते. तिले जेवनाच्या टायमाले घंटाभर आराम पाह्यजेच. तुमीच बंद करत जा, नाई तं जळून जाईन."

आबाजींनी मिशीवरून हात फिरवला. आम्ही निघताना त्यांनी वासुभाऊंच्या हातात पेरूंची पिशवी दिली. परतताना गाडीत मी म्हटलं, "सांगायला हवं होतंत की त्यांच्या मुलाला." वासुभाऊ पेरू खात म्हणाले, "काऊन? नेट तं चालू आहे." गंमत म्हणून मी ही गोष्ट पुष्कळांना सांगितली. आता तीच गोष्ट सांगताना मला गंमत वाटत नाही.

स्वतःची चूक मात्र हा माणूस चव्हाट्यावर सांगायचा. शाळेच्या नव्या कॉम्प्युटर खोलीचं उद्घाटन होतं. मोठे साहेब आले, फीत कापली, माइकवर वासुभाऊ म्हणाले, "आता आपली शाळा अवघ्या जगाशी जोडली जात आहे," आणि जग काही जोडलं जाईना. पेटीवरचे सगळे दिवे वेड लागल्यासारखे लुकलुकत होते. साहेब घड्याळ पाहायला लागले. वासुभाऊ माइक टाकून टेबलाखाली शिरले आणि थोड्या वेळाने कोळिष्टकांसकट बाहेर आले. मग कुणी न विचारता त्यांनी पुन्हा माइक घेतला. "चूक माझी आहे. एका वायरीची दोन्ही टोकं मी एकाच पेटीत खोसली. त्यामुळे पेटी सकाळपासून स्वतःशीच बोलत बसली होती, बाहेरच्याचं ऐकणार कधी?" साहेबांसकट सगळे हसले. खिचडीच्या खोलीच्या दारात मंदाताई डाव हातात धरून उभ्या होत्या, त्यांनीही कपाळावर हात मारून घेतला.

त्याच माइकने पुढे घात केला असं मला वाटतं. माइकचा काय दोष म्हणा.

वासुभाऊंना खर्ऱ्याचा नाद होता. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घालून घोटलेला तो खर्रा आमच्या भागात लग्नाच्या मांडवापासून मयतीपर्यंत सगळीकडे असतो. मंदाताईंचा त्यावरून रोज दंगा चालायचा. शाळेत तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम ठरला तेव्हा हेडसरांनी मुलांकडून शपथ म्हणवून घ्यायला, अर्थातच, वासुभाऊंना बोलावलं. मैदानावर पोरं हात पुढे करून उभी. वासुभाऊंनी पहिली ओळ म्हटली, "मी शपथ घेतो की..." आणि ते थांबले. त्यांना बहुधा तेव्हा कळलं की ही ओळ आपण म्हणतोय. मग त्यांनी स्वतःचाही हात पुढे केला आणि अख्खी शपथ खणखणीत आवाजात पुरी केली. खिशातली पुडी काढून सगळ्यांसमोर मैदानाच्या कडेला फेकली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मंदाताई डोळ्यांना पदर लावून रडल्या. आठवडाभर त्या भेटेल त्याला सांगत होत्या, "सोडला त्यायनं. पोराइसमोर शपथ घेतली."

काही महिने त्यांनी खरंच सोडला. मग कधीतरी, कुठल्यातरी गच्चीवर उन्हात वायर ओढताना कुणीतरी पुढे केला असेल. हे मला फार उशिरा, बसस्टँडजवळच्या पानठेलेवाल्याकडून कळलं. "भाऊ समोरून नाई घेत होते जी," तो म्हणाला. "मागच्या बाजूनं हात पुढं करत. गावात सगळ्याइले मालूम होतं. पन ताईले कोन सांगंन? एवढ्या पोराइसमोर शपथ घेतलेला मानूस. त्यायची इज्जत गेली असती." वासुभाऊंनी जन्मभर गावाची लाज राखली, तर गावानेही त्यांची राखली. कुणी त्यांना त्रास व्हावा म्हणून गप्प राहिलं नाही. सगळे मायेनेच गप्प राहिले, आणि या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

मग वासुभाऊंनी ठेचा सोडला. भाकरी दुधात कुस्करून खायला लागले. तोंड पुरतं उघडेना, तेव्हा म्हणाले दात दुखतो. मंदाताईंनी लवंग दिली, मिठाच्या गुळण्या दिल्या. शेवटी दातांच्या डॉक्टरांकडे ओढून नेलं. डॉक्टरांनी गालाच्या आत बॅटरी मारली आणि विचारलं, "तंबाखू, खर्रा काही आहे का?" वासुभाऊंच्या आधी मंदाताईच अभिमानाने म्हणाल्या, "नाई जी, कवाचाच सोडला. शाळेत शपथ घेतली ना त्यायनं." आणि वासुभाऊंनी मान हलवली. हे सगळं मला मंदाताईंनीच सांगितलं, तेही मोठ्या निरागसपणे. एका सरळ प्रश्नाला माणूस "नाही"च म्हणतो, हे ज्याला अख्ख्या तालुक्यात सगळ्यात पक्कं ठाऊक होतं, तो त्या खुर्चीत तोंड उघडून बसला होता. दरवाजा ठेवणारं तिथे कुणी नव्हतं. डॉक्टरांनी अकोल्याला मोठ्या दवाखान्यात दाखवून या म्हणून बजावलं. वासुभाऊ म्हणाले, पावसाळ्याचा हंगाम संपू द्या, लोकांच्या तक्रारी पडल्या आहेत.

अकोल्याला गेले तेव्हा गालातलं दुखणं जबड्यात आणि जिभेत उतरलं होतं. ऑपरेशन झालं. जबड्याचा एक भाग गेला, जीभ जवळजवळ गेली, आणि तो आवाज गेला.

ते घरी आले तेव्हा मी भेटायला गेले. मानेला पट्टी, नाकात नळी, अंगावर तरीही इस्त्रीचा शर्ट. भिंतीवरचा आरसा मात्र कुणीतरी काढून ठेवला होता. मी काय बोलले ते मला आठवत नाही. बहुतेक नेहमीचंच, बरे व्हाल वगैरे. एवढ्यात उशाशी ठेवलेला फोन वाजला. मंदाताई तो कापायला धावल्या, तर वासुभाऊंनी हात वर करून त्यांना थांबवलं. फोन कानाशी घेतला. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो वासुभाऊ" करत राहिला. वासुभाऊंनी बोटातल्या अंगठीने फोनच्या पाठीवर एकदा वाजवलं. टक्.

"भाऊ? तुमीच ना?"

टक्.

हळूहळू सगळ्यांना ते कळलं. एक टक् म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. लिहून पाठवणं त्यांना येत होतं, पण लिहिण्याचा त्यांना मनस्वी कंटाळा. आणि फोन येतच राहिले. लोकांना त्यांची गरज होती की आपली अजून गरज आहे असं वासुभाऊंना वाटावं म्हणून लोक फोन करत होते, हे मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं. वासुभाऊ आता विचारू शकत नव्हते, तेव्हा विचारायचं काम लोकांवर आलं. त्यांच्याच वाटेने, भिंतीपासून सुरू करून. "भाऊ, प्लग पाहला. पेटी पाहली. दुसरा दिवा लाल आहे. बंद करून चालू करू का?" टक्. "कॉम्प्युटर बंद करू का?" टक् टक्. एके दिवशी मी तिथे बसले असताना एका बाईचा फोन आला. मंदाताईंनी तो स्पीकरवर लावून त्यांच्या छातीवर ठेवला होता. ती बाई म्हणाली, "भाऊ, मीच काढली होती जी ते वायर. मिक्सर लावाले. मंग पुन्हा लावाची भुलली. आता लावली तं चालू झालं. सांगासाठी फोन केला." ज्या गावात कुणी कशाला हात लावत नव्हतं, ते गाव आता एकेक वायर कबूल करत होतं. वासुभाऊंचे डोळे हसले. त्यांनी एकदा वाजवलं आणि फोन ठेवून दिला.

मला वाटलं होतं की आता असंच चालेल. पण उन्हाळ्यात दुखणं परत आलं, आणि या वेळी अकोल्याच्या डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. याच सुमारास शाळेतली खिचडी बदलली. पोरं ताटं तशीच ठेवायला लागली. मी चाखून पाहिली तर तिच्यात मिठापलीकडे काही नव्हतं. स्वयंपाकाच्या खोलीत गेले. मंदाताई चुलीपुढे पाठमोऱ्या बसल्या होत्या.

"तिखट संपलं का मंदाताई?"

"आहे जी. डबा भरून आहे." त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "माह्या हात नाई चालत."

मग त्यांनी सांगितलं. नणंद भेटायला आली होती आणि भावाकडे पाहून रडता रडता बोलून गेली, की वहिनी, तुझ्या हातच्या जहर तिखटानंच त्याचं तोंड जळलं. नणंद बोलून निघून गेली आणि ते वाक्य घरातच राहिलं. "मी बी इचार करतो मॅडम," मंदाताई म्हणाल्या. "खर्रा तं त्यायनं सोडला. मंग कायनं झालं? रोज ठेचा मीच वाढला ना. नको म्हनत तरी वाढला. येवढ्या लेकराइले बी मी तेच खाऊ घालून राह्यली."

पानठेलेवाल्याची गोष्ट मला तोवर कळलेली होती, ती ओठांवर आली. पण घरात नाकात नळी घातलेला माणूस जिवंत पडलेला असताना त्याच्या बायकोला ते सांगणारी मी कोण? मी एवढंच म्हटलं, "मंदाताई, तिखटाने हे होत नाही. कुठल्याही डॉक्टरांना विचारा."

"डाक्टर तं खर्ऱ्यानं होते म्हनतात," त्या म्हणाल्या. चुलीतलं लाकूड पुढे सारत राहिल्या. ते वाक्य बोलताना त्यांच्या मनात काही हललं का, ते मला दिसलं नाही.

त्यानंतर मी वासुभाऊंना एकदाच पाहिलं. दुपारची वेळ होती. खोलीत कूलर घरघरत होता. इतके वाळले होते की अंगठी बोटातून निसटू नये म्हणून मंदाताईंनी तिला आतून दोरा गुंडाळला होता. फोन उशाशी होता, पण आता तो फारसा वाजत नव्हता. लोकांनाही कळलं होतं. मंदाताई ओल्या फडक्याने त्यांचे पाय पुसत होत्या. मी खुर्चीवर बसले.  मग पाय पुसता पुसताच, वर न पाहता, मंदाताई बोलायला लागल्या. आवाज तिखट नव्हता. इतक्या वर्षांत गाडीवर मागे बसून ऐकलेला वासुभाऊंचा आवाज होता तो, वाटेत थांबून फोनवर बोलणारा.

"अवो, एक इचारू का?" त्या म्हणाल्या. "उन्हातानाचं काम तुमचं. दिवसभर खांबावर, गच्चीवर. संगं चार मानसं. एखांद्या वेळी कोनं पुढं केला असंन, आन् नाई म्हनता आलं नसंन. घोटलेला असते, हातात ठेवते मानूस. आपल्याले समजत बी नाई, तोंडात जाते. तसं काही झालं असंन का?"

कूलरचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. वासुभाऊ छताकडे पाहत होते. मग त्यांनी हात बाजूला नेला आणि पलंगाच्या लोखंडी दांडीवर अंगठी वाजवली.

टक्.

मी दुसऱ्याची वाट पाहिली. दुसरा आला नाही.

मंदाताईंच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. त्या त्यांच्या पायांवर डोकं टेकून रडल्या, आणि ते रडणं दुःखाचं होतं तसं सुटकेचंही होतं, हे मी शेजारी बसून सांगू शकते. वासुभाऊंचा हात त्यांच्या केसांपर्यंत पोचत नव्हता, तरी ते तो पुढे करत होते. मी पिशवी उचलली. नवराबायकोच्या मधे बसायची ती वेळ नव्हती.

दारात चपला घालताना मागून मंदाताईंचा आवाज आला. त्या आता सरळ विचारत होत्या.

"मंग मले काऊन नाई सांगतलं जी? काऊन?"

मी वळून पाहिलं. फोन उशाशीच होता, त्यावर लिहिता आलं असतं. वासुभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. दोरा गुंडाळलेली ती अंगठी दांडीच्या वर अधांतरी थांबलेली होती. एकदाही वाजत नव्हती आणि दोनदाही वाजत नव्हती.